आमच्या गाडीची वायर कोण काढतं

समडोळी,
चैत्र महिना, सोमवार रात्र

राजमान्य राजश्री सुभेदार लालासाहेब (सेवानिवृत्त, मिशी अद्याप सेवेत), मुक्काम मलकापूर, यांना समडोळीहून जिनेंद्रचा जय जिनेंद्र आणि तुझ्या सवयीप्रमाणे जय हिंद. तुझा गुडघा, वहिनींची शुगर, तुमचा खोडव्याचा ऊस आणि थोरल्याची जम्मूची पोस्टिंग ही सगळी आपापल्या जागी ठीक असतील असं धरून चालतो. इथे आम्ही दोघं खुशाल आहोत. (हे वाक्य लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं किती ते पुढे वाचून तूच ठरव.) राजमतीने तुला नमस्कार सांगितला आहे आणि गेल्या आठवड्यात तू न जेवता निघून गेलास त्याबद्दलचा रागही सांगितला आहे. नवरा म्हणून दोन्ही पोचवणं माझं काम, ते झालं.

फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. तर फोनवर आधी तू हसायचास. मी गंभीरपणे काही सांगायला लागलो की पलीकडून तुझं ते खदाखदा सुरू व्हायचं आणि माझा विषय वाहून जायचा. पत्रावर तू हसलास तरी मला ऐकू येत नाही. पण खरं कारण वेगळंच आहे. आपल्या त्या पहाऱ्यानंतर तू हसायचा थांबला आहेस. मी बोलतो आणि तू नुसतं हं म्हणतोस, आणि मधल्या शांततेत तुझ्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मला समडोळीत ऐकू येते. ते मला सहन होत नाही. शिवाय तुला हे प्रकरण तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे, आणि तुकड्यांत ऐकलं की माणूस दुसऱ्याला वेडा ठरवतो. म्हणून एकदा सलग सांगतो.

माझं दुखणं एवढंच की आमच्या गाडीची चार्जिंगची वायर दिवस बुडताना कोणीतरी काढत होतं, आणि राजमतीने मला बजावलं होतं की अक्षय्य तृतीयेपर्यंत तो कोण ते उघडं पडलं नाही तर या घराला कुलूप लावून सांगलीत विश्रामबागच्या फ्लॅटवर राहायला जायचं. फ्लॅट पोराने घेऊन ठेवलाय, लिफ्ट आहे, वॉचमन आहे, खिडकीतून दुसऱ्यांची खिडकी दिसते. मला तिथे जायचं नाही. आव्वाने मला या घरात जन्म दिला, ती याच घरातून गेली, आणि मलाही इथूनच जायचं आहे (घाई नाही). तेव्हा घर टिकवायचं तर मला एक चोर हवा होता. साधा, हाडामासाचा, पळताना चप्पल विसरणारा चोर. चोराची एवढ्या आशेने वाट बघणारा घरमालक तू सगळ्या नोकरीत पाहिला नसशील.

गाडी आली गेल्या अक्षय्य तृतीयेला. आम्हा जैनांत त्या दिवशी उसाच्या रसाचा मान. आव्वाने गाडीला कुंकू लावलं, बॉनेटवर रसाचं बोट टेकवलं, एक फेरी मारली आणि विचारलं, ‘हिला खायाला काय घालायचं?’ मी म्हटलं, वीज. ‘मग दिवसाउजेडी घाल. दिवस बुडाल्यावर आपल्या घरात कोण खात न्हाई.’ मी हसलो. बोर्डिंगातल्या दिवसांपासून तू तिला ओळखतोस, तेव्हा ती थट्टा करत नव्हती हे तुला सांगायला नको. तू तालमीतून दिवेलागणीला उगवायचास, आमची जेवणं कधीच उरकलेली असायची. ‘तुजा नेम न्हाई, तू खा’ म्हणून ती तुला अंगणात ताट वाढायची, आणि स्वतः पाण्याचा थेंब न घेता तुझ्यासमोर बसून राहायची. (तू किती खायचास हे इथे लिहीत नाही. पत्र वहिनींच्या हाती पडायचं.)

तिची ती मावळतीची फेरीही तुला आठवत असेल. चूल विझली का, पाण्याची भांडी झाकली का, नळाच्या तोंडाला बांधलेलं गाळणं धुऊन पिळून परत बांधलं का. पुढे घरात विजेच्या वस्तू वाढल्या तशी फेरीही वाढली. मिक्सर, टीव्ही, मोबाईलचे चार्जर, भिंतीला चिकटून जे जे काही ओढत असेल ते ती उपटून ठेवायची. ‘त्यास्नीबी इसावा पायजे’ म्हणायची. तिच्या राज्यात माझा मोबाईल कधी पुरता भरला नाही. गाडीच्या बाबतीत मात्र माझा नाइलाज होता. दिवसभर गाडी माझ्याबरोबर कुपवाडला, आणि तिथे आमच्या शेडमध्ये वेल्डिंग सुरू झालं की व्होल्टेज असं नाचतं की चार्जर लाल दिवा लावून रुसून बसतो. मग संध्याकाळी घरी येऊन, उजेडात जेवून, पोर्चमध्ये वायर लावायची. आव्वा दारात येऊन बघायची. पोर्चच्या पायऱ्या उतरायला तिचे गुडघे देत नव्हते. थोडा वेळ त्या हिरव्या दिव्याकडे बघून ती आत जायची.

मार्गशीर्षात ती गेली. तिच्या गुडघ्यांचा प्रश्न मिटला. आणि पौषात हे सुरू झालं.

पहिल्या दिवशी मी वायर लावून आत गेलो, आणि चपला आत घ्यायला म्हणून बाहेर आलो तर वायर खुंटीवर. नुसती टाकलेली नाही. पूर्वी विहिरीचा दोर गुंडाळायचे तशी कोपर आणि पंजा यांच्यात धरून नीट गुंडाळलेली, आणि गाडीत बसणारी ती गन असते ना, तिच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. फडकं ओलं होतं. गाडीला लॉक होतं आणि किल्ली माझ्या खिशात. गाडीचं लॉक काढल्याशिवाय ती गन निघत नाही. मी कंपनीचा इंजिनीअर बोलावला. त्याने गाडीभोवती लॅपटॉप फिरवला, चहा घेतला, ‘साहेब, असं होत नाही’ असं सांगितलं आणि गेला. हे मलाही माहीत होतं. तो चहा मात्र दोनदा प्याला.

मी आधी चोरांकडे वळलो. नदीवरच्या मोटरींच्या केबली तांब्यापायी जातात हे आपल्या भागात पोरालाही माहीत आहे. पण तो चोर वायर नेतो. आमचा चोर वायर काढतो, गुंडाळतो, खुंटीला अडकवतो आणि तोंड बांधून ठेवून जातो. असे चोर गावोगाव मिळाले तर पोलीस चौक्या बंद करून तिथे वाचनालयं काढता येतील. मग शेजारचा बिराप्पा. त्याची शेळी आमच्या पोर्चमध्ये सावलीला येते, म्हणून मी जरा चढ्या आवाजातच विचारायला गेलो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘आवं मालक, शेळी वायर खाईल. पर गुंडाळून खुंटीला कशाला लावंल?’ मी त्याच्या शेळीची तब्येत विचारली आणि परत आलो.

मग आमच्यातला कारागीर जागा झाला. कुपवाडला मी दुसऱ्यांच्या मशिनींना गार्ड करून देतो, माझ्या वायरला एक करता येऊ नये? जाड पत्र्याची पेटी केली, भिंतीतला प्लग आत घेतला, पेटीला कुलूप घातलं. संध्याकाळी पेटी जशीच्या तशी आणि गन खुंटीवर. गनला साखळी घातली. साखळी गुंडाळलेली मिळाली, तीही वायरीपेक्षा नीट. शेवटी शेडमधली पाळी बदलल्याची घंटा आणून अशी जोडली की गन हलली की टोल पडलाच पाहिजे. (आख्खी समडोळी जागी होईल असा आवाज आहे तिचा.) त्या दिवशी मी दाराच्या आत, कान लावून उभा. घंटा वाजली नाही. बाहेर आलो तर गनच्या तोंडाला फडकं होतंच, आणि घंटेच्या लोलकालाही एक बांधलेलं होतं.

ते फडकं राजमतीने हातात घेतलं. आव्वाच्या जुन्या पातळाची कड तिने लगेच ओळखली, पण ती खाली बसली ती गाठ बघून. आव्वाची गाठ कोणाला सुटायची नाही. संसारभर राजमतीने त्या गाठींना कात्री लावली आणि त्यावरून ऐकून घेतलं. पोर्चच्या पायरीवर बसून ती म्हणाली, ‘हुत्या तवर ऐकलं. आता गेल्यावरबी ऐकायचं व्हय?’ आणि तिथेच फ्लॅटची अट आली. मी म्हटलं, अगं, कोणीतरी चावटपणा करतंय, वाळत घातलेलं पातळ दोरीवरून ओढून नेलं असेल. पातळं ट्रंकेत होती, आणि ट्रंकेची किल्ली तिच्या कमरेला.

आणखी एक सांगतो, ते मी तेव्हा राजमतीलाही सांगितलं नव्हतं. पौषात वायर लवकर निघायची. माघ गेला, फाल्गुन आला, दिवस मोठा होत गेला, तशी तिची वेळही पुढे सरकत गेली. चोर घड्याळावर चालतो. हे जे काही होतं ते सूर्यावर चालत होतं.

कॅमेराही लावला. तू म्हणालास म्हणून लावला, आणि लावायला नको होता. रोज मावळतीला ऊन आडवं होऊन सरळ कॅमेऱ्यात घुसतं आणि पडदा पांढरा होतो. दिसत काही नाही. ते ऊन उतरलं की वायर खुंटीवर असते. पण आवाज येतो. आधी पाय ओढत चालल्यासारखा, पायरीवर थांबत थांबत. मग कापड पिळल्यासारखा. आणि अगदी शेवटी भांड्यावर झाकणी ठेवल्याचा, तो मात्र पोर्चमधून नाही, आतून, स्वयंपाकघरातून. मी तो भाग राजमतीला दाखवला नाही. रोज एकटाच ऐकायचो. का ऐकायचो ते विचारू नकोस.

असं सगळं झाल्यावर तुला बोलावलं. फोनवर तुझा आवाज काय होता त्या दिवशी! ‘आरं गड्या, लय सोपं काम हाय ह्ये. आमी डोंगरात बसून मान्सं धरल्याती, तुजी वायर म्हंजी काय! बुडाखाली खुर्ची दे निस्ती.’ शनिवारी तू आलास, बुटांना पॉलिश, हातात बॅटरी, काखेत दांडकं. पोर्चसमोर पाण्याच्या टाकीआड खुर्ची मांडलीस, मला खिडकीत उभं केलंस आणि खोकायची बंदी घातलीस. मी गाडीकडे बघत नव्हतो हे आता कबूल करायला हरकत नाही. माझी छाती झाली नाही. मी फक्त तुला बघत होतो. ऊन आडवं झालं. तू खुर्चीत ताठ. मग एकदम तू उठलास, दांडकं टाकीला टेकवून ठेवलंस, वाकून बूट काढलेस, आणि वाटेतून एक पाऊल बाजूला झालास, समोरून डोक्यावर घागर घेतलेलं कोणी येत असावं तसा. तुझे हात जोडलेले होते, लालासाहेब. मी पाहिलं. मग आत झाकणी वाजली, आणि तू तसाच उभा राहिलास, अंधार पडेपर्यंत.

आत आलास तेव्हा बूट हातात होते. राजमतीने ताट वाढायला घेतलं, ‘तुमाला नेम न्हाई, तुमी जेवा’ म्हणाली. तू तिच्याकडेही बघितलं नाहीस. ‘निगतो वैनी, सांगलीत मेव्हण्याकडं झोपतो, सकाळी येतो’ एवढं बोलून गेलास. सकाळी आलास ते तुझ्या लष्करी ट्रंकेचं ते पितळी कुलूप घेऊन. मी केलेली लोखंडी पट्टी गनच्या खटक्यावरून गाडीच्या हुकात अडकवलीस, कुलूप मारलंस, आणि दोन्ही किल्ल्या खिशात टाकल्यास. ‘किल्ली ह्या घरात ठिवायची न्हाई. जिच्याजवळ किल्ली, तिच्यावर पयला संशय.’ ती कोण, हे तू सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. मलकापूरची गाडी पकडायची म्हणून तू चहासुद्धा घेतला नाहीस.

तर आता मुद्द्याची आणि आनंदाची बातमी. कुलूप चाललं! त्या दिवसापासून वायर निघालेली नाही. मावळतीला हिरवा दिवा लुकलुकत असतो, मावळतीनंतरही लुकलुकत असतो, घंटेला फडकं नाही, खुंटी मोकळी. तुझ्या बंदोबस्तापुढे काही चाललं नाही. चोर उघडा पडला नाही, पण थांबला, एवढ्यावर राजमतीने अट सोडली. फ्लॅट भाड्याने द्यायचा असं पोराला कळवलं, आणि आम्ही इथेच राहणार हे ठरलं. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. तुझे आभार मानावेत तेवढे थोडे आहेत. वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद, उसाला पाणी वेळेवर दे.

तुझाच,
जिनेंद्र

ता. क. : कुलपात एक छोटी अडचण आहे, ती त्या घाईत तुझ्याही लक्षात आली नाही. गन निघत नाही म्हणजे गाडीही निघत नाही. ती काठोकाठ भरून पोर्चमध्ये उभी आहे आणि मी बिराप्पाच्या मोटरसायकलवर मागे बसून कुपवाडला जातो. शेडमधली माणसं तोंडावर काही बोलत नाहीत. बिराप्पा वाटेत शेळीविषयी बोलतो.

ता. क. दुसरं : राजमती झोपल्यावर लिहायचं ठरवलं होतं, पण ती समोरच बसली आहे आणि म्हणते, लिहा. परवा सकाळी पाण्याच्या हंड्यात मुंग्या तरंगताना सापडल्या. राजमती म्हणाली, तुम्ही झाकला नाही का. मी म्हटलं, मला वाटलं तू झाकतेस. मग दोघांच्याही ध्यानात आलं. पौषापासून आमच्यापैकी कोणीच एक भांडं झाकलं नव्हतं, गाळणं पिळलं नव्हतं, आणि रोज सकाळी सगळं जागच्या जागी झाकलेलं, पिळलेलं मिळत होतं. आम्हाला ते कळलंसुद्धा नाही, इतकी सवय. कॅमेरा मी रोज लावतो. आता त्यात फक्त पक्षी ऐकू येतात. काल राजमती दिवस बुडताना पायरीवर जाऊन बसली. ‘आत्याबाई, वायर न्हाई तर न्हाई, आत तरी या’ म्हणाली आणि रडली. आव्वा गेली तेव्हा ती रडली नव्हती. मीही तिथेच होतो.

ता. क. तिसरं, आणि पत्र खरं याच्यासाठी : किल्ली घेऊन ये. कुलूप तोडायला माझ्याकडे कटर आहे, माझा धंदाच तो आहे. काल मी तो चालूही केला होता आणि बंद केला. कारण कुलूप काढलं, वायर मोकळी ठेवली, आणि तरीही कोणी आलं नाही, तर? आपणच दारं लावून घेतली म्हणून ती फिरून गेली असेल, तर? ते आम्हा दोघांना एकट्यांना बघवणार नाही रे. तू तिथे काय पाहिलंस ते मी कधी विचारणार नाही, पण तू असलास तर ती येईल असं राजमतीला वाटतं, आणि मलाही तसं वाटावं असं मला वाटतं. येत्या शनिवारी ये. दिवस असताना ये, जेवायला ये. मग मावळतीला आपण तिघं पायरीवर बसू. वायर तशीच राहिली तर समजूत घालू नकोस. अंधार पडेपर्यंत नुसता बसून राहा.